चाळीस गुंजा

आमच्या घरच्या जुन्या पेटीत तीन वस्तू अजून जपून ठेवल्या आहेत. एक सोनाराचा लहान काटा, पितळी पारड्यांचा. दुसरी पत्र्याची डबी, तिच्यात लालभडक, काळ्या डोळ्याच्या चाळीस गुंजा. तिसरी एक लांबट, दोऱ्यानं शिवलेली वही. पाहुणे विचारतात, घरात सोनारकी होती का? सोन्याशी आमच्या घराचा संबंध आजीच्या गळ्यातल्या पोतीएवढाच. हा काटा माझ्या आबाजीचा, म्हणजे आजोबांचा. त्यावर ते बंदुकीची दारू तोलत.

खामगावहून बुलढाण्याला निघालं की घाटात बोथ्याचं जंगल लागतं. त्या जंगलाच्या अंगाला आमचं गाव. वडील खामगावच्या एका जिनात मुनीम होते, ते तिकडेच राहत. मी चौथीपर्यंत गावात आबाजीजवळ वाढलो. पुढं हायस्कूल खामगावला झालं तरी सुट्ट्या सगळ्या गावातच. त्यामुळं जागलीला जाणं, माळ्यावर निजणं, रात्री हाकारे देणं हे माझ्या अंगवळणी पडलेलं. दिवाळीच्या मागंपुढं जवारी हुरड्यात आली की डुकरांचे कळप उतरत. एक कळप एका रात्रीत अर्धा एकर आडवा करी. जेवढं खाई त्याच्या चौपट तुडवी. रोही वेगळे, हरणं वेगळी. गोफण, डबा, टेंभा हे उपाय दोन-चार रात्री चालत, मग जनावर सरावतं. शेवटी गावाचा जीव एका वस्तूवर टांगलेला असे, ती म्हणजे आबाजीची ठासणीची एकनळी बंदूक.

गावात बंदूक एकच का, याला इतिहास आहे. वऱ्हाड १८५३ साली निजामानं कंपनीच्या कारभाराखाली दिला. सत्तावन्नच्या बंडानंतर इंग्रजाचा रयतेच्या हत्यारावरचा विश्वास उडाला आणि १८७८ साली, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, हत्यारांचा कायदा आला. गोऱ्या साहेबाला परवाना लागत नसे, कास्तकाराला लागे. इकडं घाटाखालच्या काळ्या जमिनीत कापसाचा पेरा वाढत होता. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, तो त्या कापसासाठीच. वावरं जंगलाच्या अंगावर चढत गेली आणि जनावरं वावराच्या अंगावर उतरत गेली. मग पीकसंरक्षणाच्या नावानं एखाद्या पाटलाला, एखाद्या भरवशाच्या कास्तकाराला ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळे. आमच्या पणजोबांना तसा मिळाला, त्यांच्यामागं आबाजींना. दारू किती बाळगायची, टोप्या किती, हे परवान्यावर लिहिलेलं. दरसाल तो कागद घेऊन कचेरीत उभं राहायचं. म्हणजे बंदूक आमची असली तरी तिची जबाबदारी साऱ्या शिवाराची, आणि तिच्यातली दारू मोजूनमापून मिळालेली. ती वाया घालवणं परवडण्यासारखं नव्हतं.

ज्यांनी ठासणीची बंदूक पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तिला काडतूस नसतं. प्रत्येक बार हातानंच भरायचा. नळीच्या तोंडातून आधी दारू, तिच्यावर काथ्याचा बोळा, मग छर्रे किंवा एकच गोळी, वरून पुन्हा बोळा, आणि हे सगळं लांब गजानं ठासायचं. मागच्या बाजूला एका बारीक पोकळ बोंडीवर तांब्याची टोपी बसते. चाप ओढला की घोडा टोपीवर आदळतो, ठिणगी आत जाते आणि बार उडतो. रायफलीच्या नळीत आतून पेच कापलेले असतात; त्या पेचांनी गोळी भोवऱ्यासारखी फिरत निघते आणि सरळ जाते. आमच्या बंदुकीची नळी आतून सपाट, पेच नाहीत. तिची गोळी सरळ जाणार की भरकटणार हे सारं भरणाऱ्याच्या हातात. दारू किती, गोळी केवढी, तिच्याभोवतीचं कापड किती जाड, ठासलं किती, या चार गोष्टींवर नेम ठरे. डोळा आणि हात यांचा नंबर त्यानंतर.

गावात सगळ्यांची समजूत अशी, की दारू जास्त घातली की बार जोरात लागतो. आबाजींना या समजुतीचा फार राग. ते म्हणत,

"पोट्ट्या, बंदुकीची भूक किती हे तिलेच इचारा लागते. आपल्या मनानं वाढलं का ते ओकते."

आणि ते खरंच तिला विचारत. कसं विचारत, ते वहीत आहे.

वहीतली पहिली पानं मी जन्मायच्या आधीची आहेत. नाल्याच्या काठाला मातीचा उंच धस होता. त्याच्यापुढं तट्ट्या उभा करायचा, त्यावर जुनं वर्तमानपत्र खळीनं चिकटवायचं, मधोमध चुन्याचं बोट. चाळीस पावलांवर एक दगड पुरलेला. तिथं बसून, दस्ता खांद्याला, नळी गोणीवर टेकवून बार टाकायचा. आबाजींनी साडेचार मासे, पाच मासे, साडेपाच आणि सहा मासे असे चार भार तपासले, प्रत्येकाचे तीन-तीन बार. गोळी तीच, पावणेतीन तोळ्यांची. कापड तेच, जुन्या धोतराचं, तिळाच्या तेलात भिजवून पिळलेलं. बदलायची ती फक्त दारू. साडेचार माशांच्या गोळ्या चुन्याच्या खाली, पण फाकलेल्या. पाचाच्या जरा जवळ आलेल्या. साडेपाचाच्या तिन्ही गोळ्या चार बोटांत. सहा माशांना पुन्हा वीतभर पसारा, आणि एक तर तट्ट्याच्याही बाहेर. वहीत साडेपाचावर कुंकवाचं बोट उमटवलेलं आहे. बार झाले की धसातलं शिसं खोदून काढायचं, वितळवून साच्यात पुन्हा ओतायचं. शिसं असं घरातल्या घरात फिरत राही.

जास्त दारूनं नेम का बिघडतो, हे मला पुढं कळलं. छर्रे असले तर मागून जादा जोराचा धक्का बसला की ते नळीबाहेर पडताच चौफेर उधळतात, मधे पोकळी राहते. गोळी असली तर कापड जळतं, फाटतं, गोळी नळीत सैल होते. शिवाय दस्ता खांद्यावर इतका आदळतो की दुसऱ्या वेळेस माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो. कमी दारूनंही भागत नाही; गोळी लागते पण आत शिरत नाही, आणि जखमी जनावर पळतं. या दोन टोकांच्या मधे कुठंतरी त्या एका बंदुकीचं माप असतं. शेजारच्या गावच्या पाटलाची बंदूक दिसायला हुबेहूब आमच्यासारखी, पण तिला साडेपाच मासे चालत नसत. ते एकदा माप मागायला आले तेव्हा आबाजी म्हणाले, "पाटील, माप देतो, पन ते हिचं हाय. तुमच्या बंदुकीले तुम्ही इचारा."

आणखी एक गोष्ट होती आणि तिच्यात आबाजींचं खरं शहाणपण दिसतं. चार भारांचे हे बारा बार त्यांनी बारा दिवसांत टाकले. रोज पहाटे एकच. मी विचारलं, एका दिवसात का नाही? काळ्या दारूचा बार झाला की नळीत काजळीचा थर बसतो. दुसरा बार त्या थरावरून जातो, तिसरा आणखी जाड थरावरून. प्रत्येक बाराला जणू वेगळी नळी मिळते. म्हणून बार झाला की कढत पाण्यानं नळी धुवायची, चिंधीनं कोरडी करायची, तेलाचं बोट फिरवून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दुसरा बार. "डुक्कर तुले तीन बार देत नाई. एकच देते, तोबी थंड्या नळीचा. मंग परीक्षा त्याचीच घ्या लागते."

रोज काट्यावर तोलणं जागलीत शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी एका जुन्या पितळी काडतुसाचा तळ घेऊन त्याला सांडशीनं दांडी बसवली आणि कानशीनं घासत घासत त्यात बरोबर साडेपाच मासे दारू मावेल एवढं माप केलं. आठ गुंजा म्हणजे एक मासा. साडेपाच माशांच्या गुंजा झाल्या चव्वेचाळीस. पत्र्याच्या डबीत त्या चव्वेचाळीस गुंजा कायमच्या ठेवलेल्या. मधूनमधून मापात दारू भरायची, काट्याच्या एका पारड्यात ओतायची, दुसऱ्यात गुंजा टाकायच्या आणि काटा बरोबर उभा राहतो का पाहायचा. गजावरही दोन खुणा कोरलेल्या. एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. गज आत घातला की कळे, आत बार आहे की नाही, आणि ठासणं पुरतं झालं की नाही. अंधारात ती खूण अंगठ्यानं चाचपायची.

आता मला माझी गोष्ट सांगायची आहे. ती मी आजवर लिहिली नाही.

१९६४ सालचा कार्तिक. मी सोळा वर्षांचा. तोपर्यंत मी आबाजींच्या डोळ्यांदेखत बरेच बार भरले होते, काही टाकलेही होते. त्या साली आबाजी हिवतापानं अंथरुणाला खिळले. खामगावच्या परवानाधारक दुकानातून नवीन दारू आणायची होती, ती वडिलांनी आणून दिली. जुनी दारू जाड दाण्याची होती, बाजरीसारखी. ही नवी बारीक, राळ्यासारखी, काळी चकचकीत. मला ती जास्त चांगली वाटली. आबाजी तापात बरळत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "तोलली का?" मी म्हणालो, हो. तोलली नव्हती. माप तर होतंच की. साडेपाच माशांचं माप, त्यात दारू भरली म्हणजे साडेपाच मासेच झाली, असा माझा हिशेब.

त्या दिवसांत बाजारातही वजनांचा गोंधळ चाललेला. शेर, तोळे जाऊन किलो, ग्रॅम नुकतेच आले होते. शाळेत आम्ही नवी वजनं शिकलो होतो आणि आबाजीच्या गुंजा मला जुनाट वाटू लागल्या होत्या. हेही कबूल केलं पाहिजे.

त्या रात्री चांदणं होतं. माळ्यावर मी आणि शेजारच्या वावरातले सालदार काका. ते देशमुखांकडं सालावर होते. त्यांच्या मालकाची जवारी आमच्या धुऱ्याला लागून, म्हणून जागल मिळून. मध्यरात्रीनंतर कळप आला. पुढं मोठा एकुलता नर. मी माशी त्याच्या खांद्याशी धरली, चाप ओढला. दस्ता असा आदळला की खांदा बधिर झाला. धूर विरला तेव्हा कळप पांगलेला आणि नर नाल्याकडं धावताना दिसला, मागचा भाग जरा वाकडा टाकत. सालदार काका तोवर हाकारे देत वावराच्या दुसऱ्या टोकाला पळाले होते. परत आल्यावर त्यांनी विचारलं,

"लागला का रे?"

मी म्हणालो, "नाई. हुकला."

का खोटं बोललो? हुकणं चालतं, सगळ्यांचंच हुकतं. जनावर जखमी करून सोडणं चालत नाही. आबाजींच्या घरात ते पाप मानलं जाई. जखमी केलं तर सकाळी माग काढून त्याला संपवायचं आणि तोवर नाल्याकडं कोणी जाऊ नये म्हणून गावाला सांगायचं, हा दंडक. मला आबाजींपर्यंत ही बातमी जाऊ द्यायची नव्हती.

पहाटे सालदार काका परसाकडं नाल्यात उतरले. डुक्कर करवंदीच्या जाळीत पडून होतं. जखमी डुकरासारखं वाईट जनावर नाही. वाघसुद्धा त्याला टाळतो म्हणतात. त्यानं सरळ धडक दिली. काकांची उजवी मांडी सुळ्यानं गुडघ्यापासून वर फाटली. आरोळी ऐकून आम्ही धावलो. बाजेवर घालून त्यांना बैलगाडीनं खामगावला नेलं. जीव वाचला. पाय वाचला पण तो पाय पुन्हा नीट वाकला नाही. ज्याचं सालच पायावर, त्याचं काय होतं हे सांगायला नको.

डुक्कर दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांनी कुऱ्हाडी-भाल्यांनी मारलं. गोळी पाठीवरच्या चरबीतून वरच्या वर गेली होती. खांद्यावर धरलेला नेम वीतभर वर लागला होता.

आबाजींचा ताप उतरला तेव्हा त्यांना सगळं समजलेलं होतं. ते काही बोलले नाहीत. भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "काटा आन." मी काटा आणला, डबी आणली, नवी दारू आणली. त्यांनी माप भरलं, पारड्यात ओतलं. दुसऱ्या पारड्यात चव्वेचाळीस गुंजा टाकल्या. दारूचं पारडं खालीच. त्यांनी परातीतल्या हरभऱ्यासारखी माझी बाकीची गुंजांची पुरचुंडी पुढं ओढली आणि एकेक गुंज टाकत गेले. पंचेचाळीस, शेहेचाळीस. काटा पन्नासाव्या गुंजेला उभा राहिला. बारीक दाणा एकमेकाला चिकटून बसतो, त्याच मापात जास्त मावतो. शिवाय बारीक दारू पेटतेही झपाट्यानं. म्हणजे वजनही जादा आणि जोर त्याहून जादा.

मग ते एवढंच म्हणाले, "माप भांड्याचं नसते रे बापू. माप वजनाचं असते." आणि जरा वेळानं, "पडला नाई तं सांगाचं असते. जनावर पयालं तं गावाले सांगाचं असते." पहिल्या वाक्यात रागावणं होतं. दुसरं वाक्य त्यांनी खालच्या आवाजात म्हटलं आणि तेच मला जास्त लागलं.

त्यानंतर पुढचे बारा दिवस त्यांनी मला पहाटे उठवलं. तट्ट्या मी उभा केला, चुन्याचं बोट मी लावलं, नळी मी धुतली. साडेचार, पावणेपाच, पाच, सव्वापाच. रोज एक बार. ते घोंगडी पांघरून दगडावर बसत आणि बोटांनी अंतरं मोजत. नव्या दारूला पाच मासे मानवले. तिन्ही गोळ्या तीन बोटांत, साडेपाचाच्या जुन्या भारापेक्षा जवळ. मग त्यांनी पितळी मापाचा काठ कानशीनं घासून खाली आणला आणि डबीतल्या चार गुंजा काढून टाकल्या. तेव्हापासून डबीत चाळीस आहेत.

त्या साली आमच्या वावरातली जवारी निघाली तेव्हा पहिल्या खळ्यातली दोन पोती सालदार काकांच्या घरी गेली. दरसाल जात राहिली, आबाजी होते तोवर आणि नंतरही. काकांनी मला कधी काही विचारलं नाही. हुकला म्हणणारा मीच होतो आणि गोळी लागलेलं डुक्कर त्यांनीच पाहिलं होतं, त्यामुळं विचारण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

पुढं तीनेक वर्षांनी आमच्या भागात रायफल आली. शेजारच्या गावच्या देशमुखांनी .३१५ बोअरची रायफल घेतली, बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याची. .३०३ ही फौजेची. त्या बोअरची बंदूक सामान्य माणसाला मिळत नसे. म्हणून शिकाऱ्यांसाठी ही वेगळी, मूळ ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅन्लिखर फौजी काडतुसावर बेतलेली. देशमुखांनी नेम बसवायला आबाजींना बोलावलं. पंच्याहत्तरी ओलांडलेला म्हातारा छकड्यातून गेला, सोबत मी. काडतुसांच्या दोन पेट्या होत्या. शंभर पावलांवर तट्ट्या लावला. आबाजींनी आधी एका पेटीतली तीन काडतुसं मागितली, मग दुसरीतली तीन. प्रत्येक बारानंतर नळी थंड होईपर्यंत पान खात बसले. देशमुख कंटाळले. पण कागद पाहिल्यावर तेही गप्प झाले. पहिल्या पेटीच्या तीन गोळ्या एका तळहाताखाली झाकल्या जात होत्या. दुसरीच्या तिन्ही वीतभर खाली, डावीकडं. रायफल तीच, हात तोच. काडतुसं वेगवेगळ्या घाण्यातली.

"पेटीवर नंबर असन ना, पाहा," आबाजी म्हणाले. नंबर वेगळे निघाले. "मंग याच नंबराच्या सगळ्या पेट्या घेऊन ठेवा. दुसरा नंबर आला का नेम पुन्हा बसवा लागन."

देशमुखांनी विचारलं, रिकाम्या काडतुसांत आपल्या मापाची दारू भरता येणार नाही का? आबाजींनी ते पितळी काडतूस हातात घेऊन बराच वेळ फिरवलं. त्यात बिनधुराची दारू. ती काळ्या दारूसारखी नव्हे; गुंजभर चुकलं तरी नळीतला दाब भलताच वाढतो. तसली दारू, तशा टोप्या बाजारात मिळत नव्हत्या आणि १९५९ च्या नव्या हत्यार कायद्यात परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा होता. आबाजींनी काडतूस परत दिलं. येताना छकड्यात म्हणाले, "बंदूक चांगली हाय. पन तिले काही इचारताच येत नाई."

हे वाक्य मला तेव्हा समजलं नाही. पुष्कळ वर्षांनी मला कळलं की अमेरिकेत, युरोपात रिकामं काडतूस घरी पुन्हा भरणं हा शिकाऱ्यांचा मोठा नाद आहे. आपल्या एका रायफलीला कोणता भार मानवतो ते ते शोधत बसतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दारू किंचित किंचित वाढवत न्यायची, दर भाराचे तीन-तीन किंवा पाच-पाच बार, कागदावरचा पसारा मोजायचा, सगळं वहीत टिपायचं. शिवाय शहाणे लोक नळी थंड होऊ देतात, कारण शिकारीत पहिलाच बार मोलाचा. त्यांचं वजन 'ग्रेन', म्हणजे धान्याचा दाणा. आमची गुंज म्हणजे वेलाचं बी. एक गुंज म्हणजे जवळपास दोन ग्रेन. वाचताना मला आबाजींची वही दिसत होती. त्यांच्याकडं यंत्रं आहेत, तक्ते आहेत, नव्या घाण्याची दारू आली की भार कमी करून पुन्हा सुरुवात करा अशी ताकीद छापलेली आहे. ही ताकीद आमच्या घरात एका माणसाच्या मांडीवर लिहिली गेली.

१९७२ साल आमच्याकडं दोन गोष्टींसाठी लक्षात आहे. एक तो दुष्काळ. खडी फोडायला गेलेल्या बायाबापड्या आणि सुकडीच्या रांगा. त्या साली जवारीच नव्हती, राखायचं काय? दुसरा वन्यजीव संरक्षण कायदा. शिकार संपली. काळवीट तर पहिल्या परिशिष्टात गेलं. मला त्या कायद्याचं वाईट वाटलं नाही. बोथ्याच्या जंगलात मी लहानपणी ऐकलेले आवाज तरुणपणीच कमी झाले होते, आणि त्यात पेचदार बंदुका, जीपगाड्या आणि सर्चलाइट यांचा हात होता. ठासणीच्या बंदुकीला एका रात्रीत एक बार, फार तर दोन. जीपवाल्यांना मोजच नव्हती.

आबाजी १९७४ साली गेले. परवाना माझ्या नावावर करावा का, असं वडिलांनी विचारलं. मी नको म्हणालो. बंदूक रीतसर जमा केली. काटा, डबी, माप आणि वही ठेवून घेतली. माप पुढं घर बदलताना हरवलं.

आता ते जंगल ज्ञानगंगा अभयारण्य आहे, १९९७ पासून. २०१९ साली यवतमाळकडच्या टिपेश्वरातून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला एक वाघ शेकडो कोस चालून इथं येऊन पोचला, तेव्हा साऱ्या जिल्ह्यात त्याचीच चर्चा. डुकरं आणि रोही मात्र वावरात पूर्वीपेक्षा जास्त. जागल अजून चालू आहे. पोरं मोबाईलवर गाणी लावून बसतात, बॅटऱ्या फिरवतात, फटाके फोडतात, कुंपणाला झटका-मशीन लावतात. नुकसान झालं की पंचनामा, अर्ज, मग भरपाईची वाट. हा प्रश्न सुटलेला नाही आणि बंदुकीनंही तो कधी सुटला नव्हता, फक्त एकेका रात्रीपुरता टळत होता.

परवा नातवानं पेटी उघडली. गुंजा मोजल्या आणि विचारलं, चाळीसच का? मी वही काढली. १९६४ च्या पानावर आबाजींच्या अक्षरात एवढंच आहे: नवी दारू, जुने माप, न तोलता. गोळी वर. खाली नवा भार, पाच मासे, आणि कुंकवाचं बोट. कोणी भरलं ते लिहिलेलं नाही. जखमी डुकराविषयी कोण काय बोललं तेही नाही. नातवाला मी ते दोन्ही सांगितलं. त्यानं विचारलं, "मग काका कुठं आहेत?" काका जाऊन वीस वर्षं झाली. त्यांचा मुलगा गावातच आहे, धुऱ्याला लागून आता त्याचीच दोन एकर आहे. या दिवाळीला त्याच्या घरी जाईन तेव्हा नातवाला सोबत नेणार आहे.